टोपी बाजारातून एका टोपीची गोष्ट

(जानेवारी २०२६ मध्ये टोपी बाजारात झालेल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभातील भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



तिळगूळ घेऊन गोड बोलायचा आजचा दिवस. आम्ही गोडच बोलणार आहोत, पण शेवटी थोडे कडू येईल. ते आमच्याच घरचे आहे, तेव्हा कोणी मनाला लावून घेऊ नये.

सचिवांचा फोन आला, "भाऊ, पंधरा मिनिटे, विषय तुमच्या आवडीचा." आम्ही सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हापासून आमचे लेखन म्हणजे मोजमापाची वही आणि नस्तीवरचे शेरे. भाषणाची सवय नाही. म्हणून वहीसारखेच बोलतो. जे मोजता येते ते आधी सांगतो, बाकीचे नंतर.

आपण बसलो आहोत त्या जागेचे नाव टोपी बाजार. आपल्या पणजोबांच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी होती. आजोबांच्या डोक्यावर काळी टोपी आली. वडिलांच्या डोक्यावर ती लग्नामुंजीपुरती उरली. आमच्या डोक्यावर हेल्मेट असते, तेही चौकात पोलीस दिसला तर. म्हणजे टोपी आपल्याकडून गेल्यातच जमा होती. पण गेल्या महिन्यात आपल्या गावातल्या एका मुलीच्या डोक्यावर अशी टोपी आली, की ती कुठल्याही बाजारात विकत मिळत नाही. २१ डिसेंबर २०२५ या दिवशी विशाखापट्टणमला, श्रीलंकेविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात, वैष्णवी शर्मा भारताच्या मुख्य संघातून पहिल्यांदा खेळली. पहिल्या सामन्याआधी खेळाडूला मैदानावर, सगळ्या संघासमोर, भारताची टोपी देतात. ती टोपी आता ग्वाल्हेरात आहे.

कोणी म्हणेल, शर्मा म्हणजे आपली नव्हे. मंडळी, लष्कर वसल्याला दोनशे वर्षे होऊन गेली. आपण अजून घरात मराठी बोलतो, भाजीवाल्याशी हिंदी बोलतो, आणि भांडण झाले की दोन्ही बोलतो. आपण या गावचे आहोत, तशी तीही या गावची आहे. भाषा वेगळी असेल, पण ऊन आणि धूळ एकच आहे. तिने ज्या उन्हात गोलंदाजी शिकली त्याच उन्हात आपल्या मुली शिकवणीला जातात.

आता मोजमाप. वैष्णवी डावखुरी फिरकी गोलंदाज आहे. डिसेंबर २००५ चा तिचा जन्म, म्हणजे आता नुकती वीस वर्षांची झाली. जानेवारी २०२५ मध्ये मलेशियात एकोणीस वर्षांखालील मुलींचा टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. भारताच्या पहिल्या सामन्यात ती नव्हती. दुसऱ्या सामन्यात, यजमान मलेशियाविरुद्ध, तिला संधी मिळाली. तिने ४ षटके टाकली, ५ धावा दिल्या आणि ५ बळी घेतले. त्यातले तीन सलग तीन चेंडूंवर, म्हणजे हॅटट्रिक. मलेशियाचा सगळा संघ ३१ धावांत बाद झाला आणि भारताने तीन षटकेही पुरी न होता सामना जिंकला. पहिल्याच सामन्यात ५ धावांत ५ बळी! आमच्या वहीत असा आकडा आला असता तर वरिष्ठांनी पुन्हा मोजून आणायला सांगितले असते.

आणि हा एका दिवसाचा चमत्कार नव्हता. पुढे बांगलादेशाचे तीन, स्कॉटलंडचे तीन, उपांत्य सामन्यात इंग्लंडचे तीन, आणि २ फेब्रुवारीला क्वालालंपूरच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे दोन बळी तिने घेतले. सहा सामन्यांत १७ बळी. स्पर्धेत सर्वांत जास्त. भारत जगज्जेता ठरला आणि त्या दिवशी आपल्या बाड्यावरच्या पानाच्या दुकानातसुद्धा मुलींच्या क्रिकेटची चर्चा झाली. आम्ही स्वतः ऐकली. एक गृहस्थ म्हणत होते, "लड़की अपने ग्वालियर की है." आदल्या दिवशी त्यांना तिचे नावही माहीत नसावे. आम्हालाही कुठे होते?

इथे एक गंमत सांगतो. आपण ग्वाल्हेरकर क्रिकेटचा विषय निघाला की छाती फुगवून सांगतो, एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक आमच्या रूपसिंह स्टेडियमवर झाले. २४ फेब्रुवारी २०१०, सचिन, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००. त्या दिवशी आम्हीही दौऱ्याच्या नावाखाली स्टेडियमच्या पत्र्याला कान लावून उभे होतो, हे आता सांगायला हरकत नाही. पण खरे पहिले द्विशतक त्याच्या बारा वर्षे आधी झाले होते, आपल्या मुंबईत. १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या विश्वचषकात, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. सचिनने मारला तो पुरुषांमधला पहिला आकडा. आम्हाला हे कळले ते मुलीकडून, गेल्या वर्षी. तोवर पंधरा वर्षे आम्ही पाहुण्यांना अर्धीच माहिती देत होतो. आपल्या मुली काय करतात हे आपल्याला उशिरा कळते, त्याचा हा एक नमुना.

खेळाच्या बाबतीत आपले गाव काही मागासलेले नाही. रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे बंधू, ऑलिंपिकचे सुवर्णपदक विजेते, ग्वाल्हेर संस्थानाच्या सेवेत होते. १८५७ च्या समराला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५७ मध्ये, देशातले शारीरिक शिक्षणाचे मोठे महाविद्यालय इथे निघाले आणि त्याला नाव दिले राणी लक्ष्मीबाईचे. २००६ पासून मुलींची राज्य हॉकी अकादमी इथेच कंपूला आहे. तिथे शिकलेली मणिपूरची सुशीला चानू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची कर्णधार होती. म्हणजे मणिपूरची मुलगी इतक्या लांबून ग्वाल्हेरला खेळायला येते. आणि आपली मुलगी टोपी बाजारातून कंपूला जायचे म्हटले की आपण विचारतो, "परत किती वाजता येणार?"

वैष्णवीच्या घरी काय झाले ते वर्तमानपत्रांतून आले आहे. तिचे वडील ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी मुलीची पत्रिका पाहिली आणि त्यांना त्यात खेळ किंवा वैद्यक असे काहीतरी दिसले. आता ग्रहांचे आम्हाला कळत नाही. पण आपणही मुलींच्या पत्रिका मांडतो. त्या डब्यातून बाहेर कधी काढतो? मुलगी तेवीसची झाली की. गुण किती जुळतात, मंगळ आहे का, एवढेच पाहतो. या गृहस्थांनी पत्रिका लहानपणीच उघडली आणि मुलगी काय करेल ते पाहिले. ग्रह खरे असोत वा नसोत, बापाने मुलीकडे त्या नजरेने पाहिले, ही गोष्ट नक्की खरी. मग शहरातल्याच एका क्रिकेट अकादमीत ती घडली, मध्य प्रदेशाच्या संघातून खेळली आणि पुढे गेली.

पुढचा रस्ता सरळ होता असे समजू नका. विश्वचषकात १७ बळी घेतलेली ही मुलगी नोव्हेंबर २०२५ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात होती. तिच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही. मंडळी, लिलावात आपले नाव पुकारले जाते, सगळा देश टीव्हीवर पाहत असतो, आणि कोणाचाही हात वर होत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या रात्री काय वाटले असेल ते आपण समजू शकतो. आपल्याकडे दहावीत दोन टक्के कमी पडले तर घरात सुतक पडते. पण ती देशातल्या सामन्यांत गोलंदाजी करीत राहिली, आणि महिनाभरात भारताच्या संघात आली. पहिल्या सामन्यात तिला एकही बळी मिळाला नाही. पण ४ षटकांत तिने फक्त १६ धावा दिल्या. दुसऱ्या सामन्यात दोन बळी मिळाले. पाचही सामने भारताने जिंकले. ज्यांनी नोव्हेंबरात हात वर केला नाही, त्यांनी डिसेंबरात टाळ्या वाजवल्या. आम्ही त्यांना हसणार नाही. का ते पुढे सांगतो.

आता पोटापाण्याचे, कारण आपण नोकरदार माणसे, आधी तेच विचारतो. आपल्या लहानपणी मुलींचे क्रिकेट म्हणजे पदरमोड. १९७३ मध्ये महिलांची वेगळी संघटना निघाली, तिला पैशाची कायमची चणचण. २००६ मध्ये ती मोठ्या मंडळात, बीसीसीआयमध्ये, विलीन झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांचे सामन्याचे मानधन सारखे झाले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये महिलांची लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या संघातली क्रांती गौड छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची, म्हणजे आपल्याच राज्यातल्या एका आडगावची. तिला राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले. आम्ही सरकारी नोकर, तेव्हा हेही सांगतो की राज्याचा विक्रम पुरस्कार मिळालेल्या खेळाडूला शासकीय नोकरीची वाट असते. "खेळून काय मिळणार?" या प्रश्नाचे उत्तर आता बदलले आहे. प्रश्न विचारणारे आपण तेवढे जुनेच आहोत.

आता कडू भाग.

आमच्या मुलीचा जन्मही २००५ चाच. ती क्रिकेट खेळत नव्हती, फुटबॉल खेळायची. कोणी शिकवले नाही. शाळेत मुलांना एक खेळाडू कमी पडला, हिला उभे केले, आणि मग ही हलेना. नववीत असताना शाळेच्या संघातून जिल्हा झाला, जिल्ह्यातून संभाग झाला, आणि २०१९ च्या दिवाळीनंतर राज्यस्तरीय शालेय स्पर्धेसाठी निवड झाली. चार दिवस परगावी जायचे होते. पालकांचे संमतीपत्र हवे होते.

आम्ही दिवसाकाठी दहा-वीस कागदांवर सह्या करतो. त्या एका कागदावर केली नाही.

कारणे होती. घटक चाचणी होती. मुलगी चार दिवस बाहेर, सोबत कोण, राहायचे कुठे. हिची आई म्हणाली, "उन्हाने रंग किती उतरला आहे बघा." आम्ही म्हणालो, "गुडघा मोडला तर जन्माचे होईल." घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "अर्धी चड्डी घालून खेळायचे का?" सगळी कारणे प्रेमाचीच होती. कोणी तिच्यावर ओरडले नाही. तिनेही आदळआपट केली नाही. कागद दप्तरात घालून ती शाळेत गेली आणि परत आल्यावर नेहमीसारखी जेवली. त्याच वेळी आम्हाला कळायला हवे होते.

पुढे मार्चमध्ये करोना आला, मैदाने बंद झाली. उघडली तोवर तिची दहावी आली, मग शिकवणी, मग अकरावी-बारावी. बूट माळ्यावर गेले. आता ती इंदूरला शिकते, चांगले गुण आहेत, आम्हाला तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

फुटबॉल ती अजून पाहते, वाचते. गेल्या ऑगस्टमध्ये घरी आली होती तेव्हा तिने मेक्सिकोची एक बातमी दाखवली. मेक्सिको म्हणजे फुटबॉलचे वेड असलेला देश. पण तिथेही मुलींची व्यावसायिक लीग अगदी अलीकडे, २०१७ मध्ये सुरू झाली. त्या वेळी लिझबेथ ओवाये नावाची मुलगी सतरा वर्षांची होती. लीग निघाली आणि ती तिग्रेस संघात खेळू लागली. आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या संघाने तिला १५ लाख डॉलर मोजून घेतले. महिला फुटबॉलमध्ये तोवर कोणाही खेळाडूसाठी एवढी रक्कम दिली गेली नव्हती. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, लीग दोन-चार वर्षे उशिरा निघाली असती, तर हीसुद्धा कुठेतरी नोकरी करत असती." आम्ही म्हणालो, "नशीब असते एकेकाचे." ती गप्प बसली. तिला नशिबाबद्दल बोलायचे नव्हते. वेळेवर दार उघडण्याबद्दल बोलायचे होते. सतराव्या वर्षी एकीसमोर दार उघडे होते. आमच्या घरी सतराव्या वर्षी काय होते? भौतिकशास्त्राची शिकवणी, संध्याकाळी सहा ते आठ.

आणि मग २१ डिसेंबरची संध्याकाळ. वैष्णवी भारताकडून खेळत होती, आम्ही टीव्हीसमोर होतो. मोबाइलवर इंदूरहून एक ओळ आली: "बाबा, माझ्याच वयाची आहे."

बस्स, एवढेच. टोमणा नव्हता, आम्ही तिला ओळखतो. कौतुक होते. पण त्या रात्री आम्ही माळ्यावर चढलो. बूट सापडले. पाच नंबरचे. एका बुटाच्या तळाला शाळेच्या मैदानाची माती अजून तशीच चिकटलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि सहा वर्षांनी विचारले, "त्या वेळी तुला राग आला होता का ग?" ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "राग नाही बाबा. मी काही फार पुढे गेले असते असेही नाही. पण गेले असते की नाही, हे एकदा कळायला हवे होते."

मंडळी, म्हणून लिलावात हात वर न करणाऱ्या संघांना आम्ही हसत नाही. आमचाही हात वर झाला नव्हता, आणि आम्ही तर बाप होतो. त्या संघांना महिनाभरात चूक कळली. आम्हाला सहा वर्षे लागली.

दोष देऊन थांबायचे नाही. आम्ही बांधकामवाले, भेग दिसली की मोजतो आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रक लिहितो, तसे तीन गोष्टी मांडतो. खर्च फारसा नाही.

पहिली. आपल्या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मुलींसाठी काय असते? रांगोळी, पाककला, चित्रकला, श्लोकपठण. खेळ म्हणाल तर संगीत खुर्ची आणि चमचा-लिंबू. हे सगळे असू द्या. आमची हिला गेली तीन वर्षे रांगोळीत बक्षीस मिळते आहे, ते बंद करून आम्हाला घरी जायचे नाही. पण दहांपैकी एक सकाळ मैदानावरची ठेवा. मुलींचे खरे सामने, खरा पंच, खरे गुण. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी, जे जमेल ते. आरती थोडी उशिरा होईल. बाप्पा समजून घेतील; त्यांना उंदरावर बसून एवढा प्रवास करायची सवय आहे.

दुसरी. मुलगी मैदानावरून घरी बसते त्याचे कारण बहुतेक वेळा खेळ नसतो, येणे-जाणे असते. संध्याकाळी नेणार कोण, आणणार कोण, तिथे बसणार कोण? आई स्वयंपाकात, बाप कार्यालयात. आपल्या मंडळात निवृत्त काका-काकू पुष्कळ आहेत. संध्याकाळी बागेत बसून पेन्शनच्या थकबाकीची चर्चा करतातच. तीच चर्चा मैदानाच्या कडेला बसून केली तर? आठवड्यातला एक-एक दिवस वाटून घ्या. चार मुलींना नेणे-आणणे झाले की चार घरांची मोठी अडचण सुटते. आम्ही शनिवार घेतो. आजच नाव लिहून देतो.

तिसरी गोष्ट ज्यांच्या घरी नववीतली मुलगी आहे त्यांच्यासाठी. नववी ते बारावी ही चार वर्षे काढायची आहेत. पहिलीतल्या मुलीच्या धावण्याला आपण सगळेच टाळ्या वाजवतो. नववीत त्याच मुलीला म्हणतो, आता पुरे. वैष्णवीच्या बाबतीत कोणीतरी "आता पुरे" म्हटले नाही, एवढाच फरक. प्रत्येक मुलगी भारताची टोपी घालेल असे आम्ही म्हणत नाही. शंभरातल्या एकीलाही ती मिळणार नाही. पण उरलेल्या नव्व्याण्णव जणींना आपण कुठवर जाऊ शकतो हे स्वतः मैदानावर कळले पाहिजे. ते आपण सहीचा कागद दाबून ठेवून ठरवू नये.

शेवटचे सांगतो आणि बसतो, तिळगूळ वाटायचा आहे. या रविवारी आमची मुलगी घरी आली. बूट आम्ही पुसून ठेवले होते. तिने पाय घालून पाहिला, घट्ट झाले आहेत. आमच्या मनात होते की ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "शेजारच्या मुलीला होतील. ती सातवीत आहे ना? देऊन टाका."

देऊन टाकले. ती मुलगी आज इथे मागच्या रांगेत बसली आहे. तिचे आई-वडीलही आले आहेत. दोन वर्षांनी ती नववीत जाईल. त्या वेळी एखादा कागद घरी आला तर त्यांनी आम्हाला हाक मारावी. पेन आमच्या खिशात कायम असते.

तिळगूळ घ्या. नमस्कार.